पुढच्या दाताचा नेम

“पुढच्या दाताचा काही नेम नसतो. म्हणून नेम आपण पाळायचा.”

सरांचा आवाज मऊ होता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. हातात काचेची बरणी असायची आणि बरणीत काढलेले दात, सगळे खालचे, पुढचे, पटाशीचे. ती बरणी खुळखुळ वाजवत सर म्हणायचे, “दाढेला सगळे भितात, म्हणून तिथे डोळे उघडे ठेवतात. माणूस फसतो तो इथे. एवढासा दात, एक मूळ, एक नळी, चला, झालं! अरे, देवाने तुमच्या पुस्तकाला विचारून मूळ घडवलेलं नाही. एक नळी सापडली की हात थांबवायचा नाही. तिच्या पाठीमागे, जिभेच्या अंगाला, दुसरी लपलेली असू शकते. रोज शोधायची. प्रत्येक दातात शोधायची. नसली तर नसली. पण ‘नसेल’ म्हणायचं नाही. बघायचं आणि मग ‘नाही’ म्हणायचं.”

“आणि चुकलं तर, सर?” मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं होतं.

“चुकलं तर त्या माणसाच्या दारात जायचं. तो आपल्या दारात येईल म्हणून वाट बघत बसायचं नाही. कबूल?”

“कबूल, सर,” ती म्हणाली होती, आणि सगळा वर्ग हसला होता, कारण ती उभी राहून, हात जोडल्यासारखे करून म्हणाली होती.

त्याला आता बत्तीस वर्षं झाली. सर गेले. बरणीचं काय झालं कोण जाणे. ती मुलगी चौपन्न वर्षांची डॉक्टरबाई झाली. मान डावीकडे वळवली की आत कुठेतरी कट् वाजायचं, उजव्या खांद्याने वर्षभर संप पुकारलेला होता, आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मधल्या वळणावर ती खिडकीतून बाहेर बघायचं निमित्त करून थांबायची. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. एक भिंत आणि भिंतीवर पाण्याची टाकी. वरून मदतनीस मावशी ओरडायच्या, “टाकी भरली का, बाई?”

“भरतेय,” ती म्हणायची आणि दम खाऊन उरलेल्या पायऱ्या चढायची.

थकवा काही एका दिवसाचा नव्हता. रोज झोपेने थोडा उतरायचा आणि रोज थोडा जास्त चढायचा, तव्यावरच्या काजळीसारखा. तरी सकाळची दोन मिनिटं ती सोडत नसे. चहाच्याही आधी डोळे मिटून बसायचं, आज माझ्या हातून कुणाला इजा होऊ नये एवढंच मागायचं आणि उठायचं. तिच्या लेखी तो एक नेम होता आणि सरांनी सांगितलेला दुसरा. दोन्ही सारख्याच निष्ठेने पाळले, असं तिला त्या गुरुवारपर्यंत वाटत होतं.

गुरुवारी दवाखाना अर्धा दिवस बंद. एप्रन बाह्या आखूड करायला टाकला होता, तो आणायला ती ताईंकडे गेली.

ताई म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर एक खोली, खोलीत एक खिडकी आणि खिडकीशी शिलाई मशीन. चाळीस वर्षं त्या मशीनवर बसून ताईंनी सगळ्या वस्तीचे कपडे शिवले, उसवले, आखूड केले, लांब केले. एकट्या राहायच्या. कुणाचं काही अडलं नाही पाहिजे आणि कुणी आपल्याला विचारलं नाही पाहिजे, असा खाक्या. जीभ अशी, की कात्रीला रजा द्यावी.

पण त्या दिवशी कात्री कामावर होती. दुसरी बाही शिवून झाल्यावर ताईंनी मशीन थांबवलं, गळ्यात फितीला अडकवलेली छोटी कात्री उचलली आणि दोरा कापला.

डॉक्टरबाई बघतच राहिली. लग्न होऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि अठ्ठावीस वर्षांत ताईंना तिने दोरा कापताना कधी पाहिलं नव्हतं. मशीन थांबायचं, मान खाली जायची, पुढच्या दातांत दोरा धरायचा, कट्. संपलं. तो खालचा पुढचा दात त्यानेच तर मेला होता. अडीच वर्षांपूर्वी तिनेच त्याचं रूट कॅनॉल केलं होतं. “ताई, दात दोरा तोडायला नसतात,” ती म्हणाली होती. “मग कशाला असतात, हसायला? सवड कुणाला आहे?” हे ताईंचं उत्तर.

“कात्री कधीपासून?” तिने विचारलं.

“छान आहे ना? फीत बांधलीय, हरवत नाही.”

“कशी आहे ते नाही विचारलं. कधीपासून, ते विचारलं.”

“अगं, तूच ना कटकट करायचीस? जन्मात एकदा तुझं ऐकलं, तर त्याचंही सुख नाही का डॉक्टरीणबाईंना?”

ताईंनी कुणाचं ऐकलं, ही गोष्ट घशाखाली उतरण्यासारखी नव्हती. एप्रनची घडी घालता घालता डॉक्टरबाईचं लक्ष मापाच्या वहीकडे गेलं. पानांत खूण म्हणून एक कार्ड खोचलेलं होतं. चौकातल्या दुसऱ्या दवाखान्याचं. तिने ते ओढून काढलं. शुक्रवार, अकरा वाजता. खाली पेनाने लिहिलेलं: खालचा पुढचा, काढणे.

“चहा ठेवते,” ताई उठल्या.

“ताई, तोंड उघडा.”

“सासू झालीस की काय माझी?”

“उघडा म्हणते ना.”

खिडकीच्या उजेडात तिने त्यांचा खालचा ओठ बोटाने खाली ओढला. हिरडीवर, दाताच्या मुळाशी, मोहरीएवढी पुळी होती. हलकेच दाबल्यावर टोकाशी पूचा थेंब आला. दात तिचाच होता. म्हणजे ताईंचा, पण काम तिचं.

“किती दिवस झाले?”

“येते, जाते. पाहुण्यासारखी.”

“किती दिवस, ताई?”

“झालं असेल वर्ष. दीड म्हण.”

दीड वर्ष! दर रविवारी दोघी समोरासमोर बसून जेवत होत्या. घास एका बाजूला ढकलून खाणारं माणूस समोर बसलं होतं आणि दातांच्या डॉक्टरला ते दिसलं नव्हतं.

“मला का नाही सांगितलंत? परक्या माणसाकडे दात काढायला निघालात, आणि मला?”

ताई पुन्हा मशीनपाशी बसल्या. तेलाची चिंधी उचलली आणि पुसलेली सुई परत पुसत राहिल्या.

“तू हा दात केलास तेव्हा घरात काय चाललं होतं, आठवतंय? आई अंथरुणाला खिळली होती. दिवसा तू दवाखाना करायचीस आणि उरलेल्या वेळात तिचं सगळं. कूस बदलणं, पुसणं, भरवणं. किती महिने? मी तिच्या पोटची, पण माझ्याच्याने तिला उचलवत नव्हतं. तू उचललंस. आता त्यात एका दाताचं काम जरा कच्चं राहिलं असेल, तर मी दारात येऊन तुला म्हणू? जीभ नाही का झडणार माझी?” त्यांनी चिंधी झटकली. “जाऊ दे एक दात. बत्तीसातला एक.”

“तुमच्याकडे आता बत्तीस नाहीत.”

“बघ. दुसऱ्याचे दात मोजायची खोड गेली का तुझी?”

डॉक्टरबाई हसली नाही. “उद्या नऊ वाजता माझ्याकडे या. अकराला तिकडे जायचं की नाही, ते मग ठरवा.”

“अगं, ते म्हणाले, मूळच खराब झालंय.”

“झालं असेल. नसेलही. मी बघून सांगेन.”

हे बोलताना तिचं तिलाच काहीतरी टोचलं. ‘नसेलही.’

घरी न जाता ती दवाखान्यात गेली. मधल्या वळणावर टाकीकडे न बघता वर चढली आणि धापा टाकत जुन्या कागदांचं कपाट उघडलं. बंद दवाखाना झाडायला आलेल्या मावशी दारात उभ्या राहिल्या. “बाई, आज सुट्टी ना?”

ताईंचा केसपेपर सापडला. नाव, वय, तारीख, आणि त्याखाली जांभळ्या शाईत, किंचित तिरपा उमटलेला शिक्का:

खालचा पुढचा दात. नळी एक. भरली. पूर्ण.

ती स्टुलावर बसली.

तो शिक्का तिनेच करून घेतला होता. सासूबाईंच्या आजारपणात झोप अशी कुठे उरलीच नव्हती. पेन हातात धरलं की अक्षर सापासारखं कागदाबाहेर जायचं. रोज तेच तेच काय लिहायचं, म्हणून तिने रबरी शिक्का बनवून घेतला. दर दाताला अर्धं मिनिट वाचायचं. पुढे तर मावशींनाच सांगून टाकलं, पुढच्या दाताचा पेशंट असला की सकाळीच कागदावर मारून ठेवा. मावशी कामाला चोख. शिक्का सकाळी नऊला पडायचा आणि पेशंट अकराला तोंड उघडायचा. म्हणजे दातात काय आहे हे बघायच्या दोन तास आधी कागद ‘पूर्ण’ झालेला असायचा.

आणि कागदावर एक लिहिलेलं असलं, की हात एकाशीच थांबतो. कुणी मुद्दाम थांबवत नाही. थकलेला हात थांबायला निमित्तच शोधत असतो.

तिने पाकिटातून जुना एक्स-रे काढला, खिडकीशी धरला. काम सुरू करायच्या आधीचा. मुळाच्या वरच्या भागात नळीची काळी रेघ ठळक होती, आणि बरोबर मधे एकाएकी पुसट झाली होती. “ठळक रेघ मधेच विरली, की समजा तिथे वाट फुटली,” सर म्हणायचे. आंधळ्यालाही दिसेल इतकं स्पष्ट होतं. समोरून काढलेला एकच एक्स-रे होता तो. एकामागे एक असलेल्या दोन नळ्या समोरून बघितल्या तर एकच दिसतात, म्हणून ती नेहमी दुसरा, तिरका काढायची. पाकिटात तिरका नव्हता.

“मावशी, तो शिक्का कुठे आहे?”

“खणात. बंद केला ना तुम्ही, तुमच्या घरच्या आजी गेल्यावर. आणू?”

“राहू दे.”

त्या वर्षीचा गठ्ठा तिने तेवढा काढून टेबलावर ठेवला. उघडला मात्र नाही.

सकाळी ताई नऊला दहा मिनिटं कमी असतानाच आल्या. नवी साडी नेसून.

“कुठे समारंभ आहे का?” मावशींनी विचारलं.

“अकराला दाताला निरोप द्यायचाय. नटूनथटून नको जायला?”

डॉक्टरबाईने आधी एक्स-रे काढला, यंत्राचं तोंड तिरकं धरून. पडद्यावर चित्र उमटलं. जुन्या भरावाची पांढरी रेघ मुळाच्या मधोमध नव्हती. ती एका कडेला सरकून बसली होती, बाकावर दुसऱ्या कुणासाठी जागा सोडून बसावं तशी. आणि मुळाच्या टोकाशी हाडात एक काळसर गोल डाग.

“काय दिसतंय? मलाही बघू दे, दात माझा आहे,” ताई म्हणाल्या. त्यांच्याकडे पडदा वळवून तिने दाखवलं. समोरून काढला की दोन नळ्या एकावर एक येतात. तिरका काढला की बाजूला होतात.

ताई पडद्याकडे वाकल्या. “म्हणजे दुहेरी शिवण. कापड सरळ धरलं तर मागची ओळ पुढचीच्या आड जाते. जरा तिरकं धरलं की दोन्ही दिसतात. एवढंच ना? यासाठी इतकी वर्षं शिकलात होय तुम्ही?”

“एवढ्यासाठीच,” ती म्हणाली.

भूल दिली. दाताभोवती रबरी पडदा ताणला, तसं ताईंचं बोलणं बंद झालं. मावशी म्हणाल्या, “देवा, हा पडदा घरी न्यायला मिळतो का?” पडद्याआडून ताईंनी काहीतरी म्हटलं, ते शब्द कळले नाहीत पण अर्थ कळला.

तिने भिंगाचा चष्मा लावला. दाताच्या मागच्या अंगाला जुनं भोक होतं, छोटंसं, गोल, नीटनेटकं. फार नीटनेटकं. जिभेच्या बाजूला दाताचा आतला कठीण थर थोडा पुढे आलेला असतो, उंबऱ्यासारखा. दुसरी नळी असली तर त्या उंबऱ्याखाली असते. उंबरा काढल्याशिवाय आतलं दिसत नाही, आणि अडीच वर्षांपूर्वी तिने उंबरा काढलाच नव्हता. ड्रिलला बारीक टोक लावून तो ती कणाकणाने खरवडत गेली. नळीत भरलेला गुलाबी जुना मसाला औषधाने मऊ करून बाहेर ओढला. मान वाजली. खांद्याने हाक मारली. तिने दोघांकडे दुर्लक्ष केलं.

मग सगळ्यांत बारीक फाइल, सुईएवढी कानस, घेतली, चिमट्याने तिचं टोक जरासं वाकवलं आणि मागच्या भिंतीला टेकवत खाली सोडली.

काही नाही. गुळगुळीत भिंत.

पुन्हा. एक केसभर डावीकडे. काही नाही.

घड्याळात सव्वादहा झाले होते. मूळ चपटं, भिंत पातळ. आणखी खरवडलं आणि आरपार भोक पडलं, तर अकरा वाजताच्या दवाखान्यात जाण्यावाचून ताईंपुढे काही उरणार नव्हतं. थांबावं का? ‘नसेल,’ असं म्हणावं आणि थांबावं? तिरक्या एक्स-रेमधली ती रिकामी जागा म्हणजे नुसता भास असेल. तिने डोळे मिटले. सकाळच्या दोन मिनिटांसारखे, फक्त दोन श्वासांपुरते. मावशींना वाटलं, बाईंना चक्कर आली. त्यांनी खुर्ची मागून धरली.

डोळे उघडून तिने फाइल बाहेर काढली, टोक आणखी थोडं वाकवलं. उंबऱ्याची उरलेली कड घासली, एवढीशी. जंतुनाशकाचा एक थेंब सोडला आणि वाट बघितली. पुढच्या नळीतून काही आलं नाही. मागच्या भिंतीपाशी, उंबऱ्याच्या अगदी मुळाशी, एक बारीक बुडबुडा वर आला. मग दुसरा. आत काहीतरी कुजलेलं होतं आणि औषध त्याच्याशी भांडत होतं.

फाइलचं टोक तिने त्या बुडबुड्यावर ठेवलं. टोक अडलं, वळलं, आणि सुईच्या नाकात दोरा जावा तसं आत गेलं.

“सापडली,” ती म्हणाली. स्वतःशीच म्हणाली, पण मावशींनी “देव पावला” म्हणून खुर्ची सोडली.

अर्ध्या तासात दोन्ही नळ्या धुऊन, आत औषध ठेवून, तिने तात्पुरतं भरलं. ताईंच्या तोंडावर पडदा आहे तोवरच खरं काय ते सांगून टाकावं असं तिच्या मनात आलं. ताईंना उलट बोलता येणार नव्हतं. त्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. तिने पडदा काढला, खुर्ची सरळ केली, पाण्याचा पेला पुढे केला आणि ताईंचा गुळणा होईपर्यंत थांबली.

“दोन होत्या, ताई. मी एकच भरली होती.”

“मग काय झालं? देवानेच लपवून ठेवली, त्याला तू काय करणार?” ताईंचा ओठ बधिर होता, बोलणं बोबडं येत होतं. पण त्यांनी दार कसं सताड उघडून दिलं होतं! नुसतं ‘हो ना’ म्हणायचं आणि त्यातून बाहेर पडायचं.

“देवाने लपवली नव्हती,” ती म्हणाली. “मी बघितलं नव्हतं. कागदावर सकाळीच ‘एक’ असा शिक्का मारून ठेवला होता. मग एकच बघितली. दीड वर्ष तुम्ही सोसलंत ते माझ्या शिक्क्यामुळे.”

मावशी ट्रे आवरता आवरता थबकल्या. “शिक्का मी मारायचे, बाई.”

“मी सांगितलं म्हणून मारायच्या.”

ताईंनी पेला खाली ठेवला. काही तरी तिखट येणार म्हणून डॉक्टरबाई वाट बघत राहिली. ते आलं नाही. ताईंनी पदराने हनुवटी पुसली, बधिर ओठाला बोट लावून बघितलं.

“आईला उचलताना कधी तुझा हात सुटला नाही,” त्या म्हणाल्या. “तो इथे सुटला. कुठेतरी सुटणारच होता.” मग, “जगेल का हा दात?”

“तीन आठवड्यांनी बघू. पुळी गेली तर आशा आहे. हाडातला डाग भरायला वर्ष लागेल. खात्रीने नाही सांगता येत. पुढच्या दाताचा काही नेम नसतो.”

“वा! आणि आता तुझा नेम काय?”

तिला कळलं नाही.

“माझी मापाची टेप एकदा ताणली गेली होती,” ताई म्हणाल्या. “बोटभर. एका पोराची आई भांडायला आली, गणवेश घट्ट होतो म्हणून. मी टेप फेकली आणि गप्प बसले. मग रात्रभर विचार, अगं, टेप ताणलेली असेल तर एकाच गणवेशात थोडीच चुकेल? त्या टेपने मापलेली सगळी पोरं कुठेतरी दंडात आवळून फिरत असतील. सकाळी घरोघर गेले. अकरा गणवेश उसवले.” त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्याकडे हनुवटीने खूण केली. “तो शिक्का काय एकट्या माझ्यासाठी केला होतास?”

डॉक्टरबाईने गठ्ठ्याकडे बघितलं. कालपासून तो तिथेच होता. तो उघडायचा धीर तिला झाला नव्हता, आणि ताईंनी तो बसल्या जागेवरून हनुवटीने उघडला होता.

जाताना ताईंनी चौकातल्या दवाखान्याला फोन केला. “अकराचं राहू द्या. दात परत कामावर घेतलाय.” मग फितीची कात्री चाचपून, “ही मात्र आता सोडत नाही. धारदार आहे. माझ्यावर गेलीय,” असं म्हणून त्या सावकाश जिना उतरल्या.

दुपारी दवाखाना एक ते तीन बंद असायचा. आतल्या खोलीत एक बाक होता, त्यावर ती तासभर पाठ टेकायची. त्या तासावरच उरलेला दिवस उभा होता. आज ती बाकावर बसली, गठ्ठा मांडीवर घेतला आणि एकेक कागद वेगळा करू लागली. मावशी समोर खाली बसल्या. वरच्या दातांचे बाजूला. ज्यांनी नंतर परत येऊन दात दाखवला होता, त्यांचे बाजूला. खालच्या पुढच्या दाताचे, जांभळा शिक्का असलेले कागद उरले चौदा.

“यातल्या किती जणांना दोन असतील?” मावशींनी विचारलं.

“तिघाचौघांना. किंवा कुणालाच नसेल.” ती थांबली. “बघितल्याशिवाय नाही सांगता येणार.”

मावशींनी फोन लावायला घेतले. त्यांचा फोनवरचा आवाज फार गोड होता, रागावलेल्यांनाही त्या पुढची तारीख गळ्यात मारायच्या. कुणी म्हणालं, दात ठणठणीत आहे, तरी येतो. एक बाई म्हणाली, कशाला, जाहिरात आहे का? एकाने तो दात दुसरीकडे काढूनही टाकला होता. ते ऐकून डॉक्टरबाईने तो कागद पालथा केला. मग तो उचलून वेगळ्या पाकिटात घातला. त्याच्याही दारात जायचं होतं. तिथे भरायला काही नव्हतं, सांगायला होतं.

एका कागदावरचा नंबर बंद होता. म्हातारे घड्याळजी, कधीकाळी तिच्याच भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करून गेलेले. पत्ता बाजाराच्या मागचा, तिसरा मजला.

“त्यांचे गुडघे गेलेत म्हणे,” मावशी म्हणाल्या. “दुकानही बंद केलंय. ते नाही यायचे.”

“नको येऊ दे.”

तिने पिशवी काढली. उकळलेला छोटा आरसा, टोकेरी सुई, टॉर्च, हातमोजे, एक कोरा कागद. खणातून शिक्काही काढला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मावशींनी तो लगेच उचलला. “लाकडी मूठ चांगली आहे, बाई. रबर काढून टाकते. लसूण ठेचायला होईल.”

“होऊ दे.”

“आणि जरा पडा तरी. ऊन उतरल्यावर जा. त्यांचा दात काय पळून जातोय?”

“पडले तर उठणार नाही, मावशी.”

चपला घालून ती जिना उतरू लागली. उतरताना दम लागत नसे, गुडघे दुखत. मधल्या वळणावर सवयीने पाय थांबले. समोर भिंत, भिंतीवर टाकी.

वरून मावशींचा आवाज आला, “टाकी भरली का, बाई?”

“नाही अजून,” ती म्हणाली. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि उरलेल्या पायऱ्या उतरून बाजाराच्या दिशेने चालू लागली.